बोर्डिंगची मावशी

जून २०१३ मध्ये मी इथे आले तेव्हा आवारातल्या विहिरीला पाणी नव्हतं. नुकताच दुष्काळी उन्हाळा सरला होता. गावातली जनावरं छावणीवर होती आणि आमच्याकडे एक दिवसाआड टँकर यायचा. पाथर्डीच्या पुढे, बीड जिल्ह्याची हद्द जवळ आली की रस्त्याच्या उजव्या हाताला लिंबाच्या झाडांमागे दिसणारं हे मुलींचं बालगृह. कागदावर बालगृह, पण पंचक्रोशी त्याला अजून बोर्डिंगच म्हणते. आम्हा नगरकडच्या ख्रिस्ती माणसांना तर हा शब्द घरातलाच. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं. पुढे शाळा निघाल्या, शाळांना जोडून वसतिगृहं निघाली आणि एकामागून एक आलेल्या दुष्काळांत उघड्यावर पडलेली मुलं तिथे वाढली. माझे आजोबा बोर्डिंगात शिकले, वडीलही बोर्डिंगातच शिकले. त्यामुळे मिस्टर गेल्यावर चर्चचे पाळकसाहेब घरी आले आणि म्हणाले, "ताई, मुलींसाठी मावशी पाहिजे, याल का?" तेव्हा मी फार विचार केला नाही. बोर्डिंग म्हणजे काय ते मला माहीत आहे, असं मी धरून चालले होते.

आठ दिवसांत कळलं की मला भिंतींपलीकडचं काहीच माहीत नव्हतं.

यात मी एकाही मुलीचं नाव लिहिणार नाही. कायद्याने ते लिहिता येत नाही, आणि कायदा नसता तरी लिहिलं नसतं.

तेव्हा अडतीस मुली होत्या. सर्वांत धाकटी सहा वर्षांची, मोठी बारावीला. त्यांतल्या पाचसहाच पूर्ण अनाथ. बाकीच्यांना आई होती, नाहीतर बाप, नाहीतर दोघंही. तरी त्या इथे का? कारण आमच्या या पट्ट्यात दसरा झाला की गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल घेतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार टाकून ऊसतोडीला जातात. परततात ते मार्च-एप्रिलमध्ये, कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर. म्हातारी धडधाकट असेल तर मुलं तिच्यापाशी राहतात. ती नसेल तर पोरगी फडावर जाते, धाकट्याला सांभाळते आणि तिची शाळा तिथेच सुटते. तेवढ्यासाठी लोक मुलींना आमच्याकडे ठेवतात. काहींच्या घरी याहून वाईट घडलेलं असतं, ते इथे सांगत नाही.

सकाळी पाचला घंटा. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. आज कोणत्या मुलीने टोल द्यायचा हे ठरलेलं असतं, आणि तो मान कोणी सोडत नाही. टँकरच्या दिवसांत दोघींत एक बादली. मोठीने आधी धाकटीला घालायची, मग उरलेल्या पाण्यात स्वतः आटपायचं. तोवर स्वयंपाकघरात काकूंच्या भाकरीचा आवाज सुरू झालेला असतो. रोज आठनऊ किलो बाजरीचं पीठ लागायचं. काकूंनी पहिल्या दिवशी माझ्या हातात गोळा दिला. माझी भाकरी काठाला फाटली तेव्हा त्या म्हणाल्या, "मावशी, पाणी गरम पायजे आन् हात हलका. रागात असलं की भाकर चिरती." भाकरी यायला मला दिवाळी उजाडली. बाजरी नव्या दळणाची आहे की आठ दिवसांची, हे आता पिठाला हात लावल्यावर कळतं. जुनं पीठ कडवट होतं, आणि मुली काही न बोलता भाकरीचा अर्धा चतकोर ताटात ठेवतात. ताटात काय उरलं ते बघायला काकूंनीच शिकवलं.

सहाला प्रार्थना. एक गीत, पवित्र शास्त्रातला एक उतारा, मग ज्या मुलीची पाळी असेल ती प्रार्थना करते. लोक मला गाडीत, लग्नात, बाजारात विचारतात, "तुम्ही पोरींना ख्रिस्ती करता का?" नाही करत. आमच्या निम्म्याहून जास्त मुली हिंदू घरच्या आहेत, दोघी मुसलमान होत्या. प्रार्थनेला बसायची सक्ती नाही, जिला नको ती अभ्यासाच्या खोलीत बसते. पण मी ख्रिस्ती आहे, सकाळ प्रार्थनेशिवाय सुरू करत नाही, हेही मी लपवत नाही. एकदा तेविसावं स्तोत्र वाचलं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." पुढे संथ पाण्याचा उल्लेख आला, तशी चौथीतली धनगराची पोर उभी राहिली आणि म्हणाली, "बराबर हाय. मेंढरं वाहत्या पाण्याला भित्यात. आज्या आधी पाणी कुठं थांबलंय ते बघतो." पाळकसाहेब पुढचं वाचायचे थांबले. या स्तोत्रावर मी खूप प्रवचनं ऐकली आहेत. संथ पाण्याचा अर्थ मला त्या मुलीने सांगितला.

अंगाऱ्याची गोष्ट मात्र मला अजून बोचते. पहिल्याच महिन्यात गाद्या झटकताना एका मुलीच्या उशीखाली कागदाची पुडी सापडली. मढीच्या कानिफनाथाचा अंगारा. मी ती उचलून माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. तिला म्हटलं, इथे याची गरज नाही. मुलगी रडली नाही, फक्त माझ्याकडे बघायची बंद झाली. चार दिवसांनी पाळकसाहेबांच्या कानावर गेलं. ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "ताई, पुडी कोणी दिली होती?" मी सांगितलं, आईने, ट्रॉलीत बसताना. "मग ती आईची वस्तू आहे. आईची वस्तू आपण खणात ठेवायची का?" त्याच संध्याकाळी मी ती परत दिली. ती तिने पुन्हा उशीखाली ठेवली, पण माझ्यावर विश्वास ठेवायला तिला वर्ष लागलं.

सर्वांत जास्त मी शिकले ते ओल्या अंथरुणांवरून. दुसऱ्याच आठवड्यात न्हाणीमागे बोळा करून लपवलेली सतरंजी सापडली. सात वर्षांच्या मुलीची होती. इथली जुनी रीत अशी की भिजलेलं अंथरूण पुढच्या भिंतीवर वाळत घालायचं. कोणी वाईट मनाने पाडलेली रीत नव्हती, ऊन तिथेच चांगलं येतं. मीही आठ-दहा दिवस तसंच केलं. मग दहावीतली एक मुलगी रात्री माझ्याजवळ येऊन बसली. "मावशी, मीपण तिसरीपर्यंत भिजवायचे. भिंतीवर सतरंजी दिसली की शाळेत जाऊ नको वाटायचं. रस्त्यावरनं पोरं बघायची." दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरामागे दोरी बांधली. चादरीखाली रेक्झिन घातलं. संध्याकाळचा चहा बंद केला. रात्री अकराला आणि पुन्हा दोनला मी अंथरूण भिजवणाऱ्या पाचजणींना उठवायचे, हात धरून न्हाणीपर्यंत न्यायचे. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी लघवी तपासून घेतली, जंतांचं औषध दिलं आणि बजावलं की कोणीही ओरडायचं नाही, चेष्टा करायची नाही. मी वहीत तारखा लिहायला लागले, कोण कधी उठली, कोणाचं कोरडं राहिलं.

वर्षभराने ती वही सहज चाळली आणि लक्षात आलं. तिघींचं जून ते सप्टेंबर जवळजवळ कोरडं. ऑक्टोबरच्या शेवटापासून पुन्हा सुरू. आईबाप कारखान्याला गेले त्या आठवड्यापासून.

तोपर्यंत माझी समजूत अशी होती की मुलीला घराची आठवण येऊ दिली नाही म्हणजे आपण तिला चांगलं सांभाळलं. मनापासून तसं वाटायचं. आठवण आली की रडतात, जेवत नाहीत, अभ्यास होत नाही. म्हणून गोडधोड करायचं, खेळ घ्यायचे, गाणी बसवायची. फोनही महिन्यातून एकदाच, दुसऱ्या रविवारी. नियम माझ्या आधीचा होता, पण मी तो काटेकोर पाळायचे.

जानेवारी २०१४. एका बुधवारी दुपारी एका मुलीच्या आईचा फोन आला, मुकादमाच्या मोबाइलवरून. मी म्हटलं, बाई, रविवारी करा, आज वार नाही. ती म्हणाली, "बरं बाई." बाकी काही बोलली नाही. ती सांगणार होती की धाकट्याला ताप भरून दवाखान्यात ठेवलाय आणि पोरीला एकदा त्याच्याशी बोलायचंय का विचार. रविवारी मुकादमाचा फोन लागला नाही. बाळ वाचलं, देवाची दया. पण ही गोष्ट मुलीला कळली ती तीन आठवड्यांनी, गावाकडच्या एका बाईकडून, बाजारात. तिने मला एवढंच विचारलं, "तुम्ही आईला नाही म्हणालात?" मी हो म्हटलं. खोटं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या रात्री मी पाळकसाहेबांकडे गेले. दोघांनी बसून नियम मोडला. तेव्हापासून फोन कधीही आला तरी मुलीला बोलवायचं. वर्ग चालू असला तरी, प्रार्थना चालू असली तरी. फडावरच्या बाईला वेळ कुठे असते? पहाटे तीन-चारला तोड सुरू होते, गाडी भरेपर्यंत रात्र होते. ती फोन करते तीच वेळ. आणि मी गावातून ऑईलपेंटचा लहान डबा आणला. प्रत्येक मुलीची पत्र्याची पेटी असते, बाहेरून तिचं नाव. आतून, झाकणावर, मी आईचा नंबर लिहिला, त्याच्याखाली मुकादमाचा. नंबर बदलला की पुसून नवा. मुली पेटी उघडतात दिवसातून दहा वेळा, फणीला, वहीला, टिकलीला. सगळ्यांना ते नंबर पाठ आहेत.

रडणं वाढलं का? वाढलं. फोननंतर तासभर काहीजणी रडतात. मी शेजारी बसते. पूर्वी उगी उगी म्हणायचे, आता म्हणत नाही.

नाताळ येतो तो गाळप हंगामाच्या ऐन भरात. कामट्या आणि पतंगाच्या कागदाची चांदणी करून आम्ही ती लिंबावर चढवतो, करंज्या-शंकरपाळी होतात, रात्री गाणी गात मुली गावात फिरतात. गावातली सगळ्या जातिधर्मांची माणसं ओसरीवर उभी राहून ऐकतात, कोणी गूळ देतं, कोणी शेंगा. पण त्या दिवशी आईबाप येऊ शकत नाहीत. उचल घेतलेल्याला खाडा परवडत नाही. म्हणून २०१४ च्या नाताळानंतर परवानगी काढून आम्ही एक क्रूझर ठरवली आणि नऊ मुलींना संगमनेरच्या बाजूला एका कारखान्याच्या तळावर घेऊन गेलो. ओळीने कोप्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्या, मधे धूर, बैलांच्या पुढ्यात उसाचं वाढं टाकलेलं. एका आईने पोरीला बघून हात पदराखाली घेतले, उसाच्या पाल्याने चिरलेले होते. मुलीने ते बाहेर ओढून काढले आणि स्वतःच्या डब्यातलं खोबरेल लावलं. दिवसभर कोणी कोणाला काही विचारलं नाही. पोरींनी पाणी भरलं, धाकट्यांना कडेवर घेतलं, ठेच्याशी भाकरी खाल्ली. परतताना गाडीत उसाची कांडी आणि गाढ झोपलेल्या नऊ मुली. वहीत पाहिलं तर पुढचे दोन आठवडे सगळं कोरडं होतं. मग एकदोनदा भिजलं. पण आधीसारखं नाही.

इकडे कागदांचंही सगळं बदलत होतं. पूर्वी पाळकाची चिठ्ठी आणली की मूल दाखल व्हायचं. २०१५ चा बालन्याय कायदा पुढच्या जानेवारीत लागू झाला आणि संस्थेची नोंदणी, फायली, तपासण्या सगळंच आलं. पुष्कळांनी कुरकुर केली. मी केली नाही, कारण वहीने मला जे सांगितलं होतं तेच त्या कायद्यात लिहिलेलं होतं, की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. आता मुलगी आली की आधी तिला नगरला बालकल्याण समितीपुढे न्यायचं. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, वैद्यकीय तपासणी, पालकांचा अर्ज. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य. पहिल्यांदा एका मुलीला घेऊन गेले तेव्हा त्यांनी तिला विचारलं, तुला कुठे राहावंसं वाटतं? मुलगी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. तिथल्या मॅडम मला म्हणाल्या, "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा." बाहेरच्या बाकावर बसले तेव्हा थोडं लागलं मनाला. नंतर पटलं. माझ्यासमोर तिने मला आवडेल तेच सांगितलं असतं.

प्रत्येक मुलीचा वैयक्तिक काळजी आराखडा करावा लागतो. तब्येत, शिक्षण, आवड हे सगळं त्यात असतंच. पण कुटुंबाशी संबंध कसा राखणार आणि मूल घरी कधी, कसं परत जाऊ शकेल, हेही लिहायचं असतं. सुरुवातीला ती जागा मी कशीबशी भरायचे. आता तीच आधी भरते. त्यासाठी घरी जावं लागतं, म्हातारीला भेटावं लागतं, चुलता कसा आहे ते शेजारी विचारावं लागतं. काही घरं बघून मी परत आले आणि लिहिलं, इथे पाठवू नये. तसं लिहायलाही धीर लागतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा मुली इथे आणि आईबाप कारखान्यांच्या तळांवर अडकले. जिल्ह्यांच्या सीमा बंद. शक्य असेल त्या मुलांना घरी पाठवण्याचा विचार व्हावा, असं चाललेलं होतं, पण आमच्या मुलींच्या घरांना कुलपं होती. एप्रिलच्या मध्यावर कामगारांना गावी सोडायला परवानगी मिळाली, मग शाळांत विलगीकरण, मग कुठे भेट. ते चार-पाच आठवडे आम्ही फोनवर काढले. आवारात एका ठिकाणी, टाकीच्या कट्ट्यावर, रेंज चांगली येते. तिथे रात्री नऊपर्यंत रांग असायची. मोठ्या मुली धाकट्यांना आधी बोलू द्यायच्या. मुलींनी झाकणाच्या आतले नंबर अंधारातही न बघता लावले.

आज आमच्याकडे एकवीस मुली आहेत. देणगी देणारे विचारतात, संख्या का घटली, संस्था बंद पडतेय का? मुली घरी परत जातात म्हणून संख्या घटली. सरकारच्या बालसंगोपन योजनेत आता महिन्याला २२५० रुपये मिळतात. फार नाहीत, पण आजीने नातीला घरी ठेवायला तेवढ्याचा आधार होतो. अर्ज भरायला, खातं काढायला, दाखले जमवायला आम्ही आजीबरोबर फिरतो. गेल्या चार वर्षांत अकरा मुली अशा घरी गेल्या. अंगाऱ्याची पुडीवाली त्यांत नव्हती, ती बारावी होऊन नर्सिंगला गेली. मात्र सतरंजी लपवणारीची धाकटी बहीण गेली. आजी न्यायला आली तेव्हा तिने पेटीतलं सगळं खाली काढून मोजलं, मग पुन्हा भरलं आणि मला म्हणाली, "चादर तुमची हाय का तिची?" मी म्हटलं, तिची. नातीने जाताना पाठीमागे वळून बघितलं नाही. मी फाटकात उभी होते. पूर्वी मला याचं वाईट वाटलं असतं.

चार दिवसांपूर्वी एक नवीन आली आहे. सात वर्षांची. अजून पिशवी उघडलेली नाही, उशाशी घेऊन झोपते. तिचा पलंग मी रस्त्याच्या बाजूच्या खिडकीशी ओढलाय, कारण ती सारखी तिकडेच बघते. आज सकाळी तिला विचारलं, आईचा नंबर येतो का? तिने घडी घालून घालून मऊ पडलेला कागद पिशवीतून काढला. मी पेंटचा डबा आणला. ती शेजारी उकिडवी बसून एकेक आकडा मोठ्याने सांगत होती आणि मी लिहीत होते. पेंट वाळायला वेळ लागतो, म्हणून पेटी उन्हात उघडीच ठेवली आहे, आणि ती तिच्याजवळ बसली आहे.